निरसन, व्यावृत्ती आणि गाढव

मी पोटासाठी कायद्यांचं मराठी करतो. कायदे करणारे वेगळे, मोडणारे वेगळे, आणि त्यांतलं इंग्रजी उचलून मराठीत आणून बसवणारा मी तिसराच. आमच्या कचेरीत असे आम्ही चार-पाच जण आहोत. आमचं मराठी कोणी वाचत नाही, ही गोष्ट आम्ही सगळे जाणतो आणि चहाच्या वेळी तो विषय टाळतो.

या कामात माणसाला एखाद्या शब्दाचा लळा लागतो. माझा शब्द ‘निरसन’. लोकांना तो शंकेपुरताच ठाऊक असतो; भाषण संपलं की वक्ते शंकानिरसन करतात आणि श्रोते चपला शोधतात. कायद्यात मात्र निरसन म्हणजे आधीचा कायदा काढून टाकणं. नव्या कायद्याच्या अगदी शेवटी एक कलम असतं आणि त्यात एक ओळ असते: अमुक अधिनियम याद्वारे निरसित करण्यात येत आहे. झालं. ज्या कायद्यानं दोन पिढ्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या, तो एका ओळीत गेला. ‘रद्द’ म्हटलं की एसटी रद्द झाल्यासारखं वाटतं, उद्या सकाळी परत फलाटाला लागेल. निरसनाचं तसं नाही. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे फेकणं, ‘अस्त्र’ त्याच्यातूनच आलं. त्याला पुढून ‘निर्’ लागला की बाहेर फेकणं. हा शब्द लिहिताना माझा हात अजूनही शिवशिवल्यासारखा होतो.

बायकोला हे सगळं लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ऐकावं लागलं. तिनं शब्द उचलला आणि माझ्यावरच उलटवला. आमच्या घरात माझे जुने शर्ट भांडीवालीला जात नाहीत, त्यांचं निरसन होतं.

मी मूळचा धारूरचा. बायको गेवराई तालुक्यातली, तलवाड्याच्या पुढच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून जाऊन जेवायचं असतं. त्या गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात. आमच्या जिल्ह्यात ही रीत आणखीही एका गावात आहे, ते गाव पेपरात येतं, त्यांच्याकडं चॅनेलवाले जातात. आमच्या सासुरवाडीकडं कोणी फिरकत नाही, आणि त्याचा गावाला राग आहे. ‘आमचं गाढव त्यांच्याहून जुनं हाय’ असं तिथली माणसं छातीठोक सांगतात.

रीत अशी. महाशिवरात्रीला गावातली जुनी माणसं मारुतीपुढं बसतात आणि त्या वर्षीच्या जावयाच्या नावानं सुपारी फोडतात. कोणाच्या नावानं फुटली ते बाहेर सांगत नाहीत, कारण सांगितलं तर जावई परागंदा होतो. मग धुळवडीला त्या जावयाला धरतात, डोक्याला सूप बांधतात, गळ्यात फाटक्या चपलांची माळ घालतात आणि गाढवावरून गावभर फिरवतात. फेरी मारुतीपाशी संपते. जावयाचे पाय जमिनीला लागले की त्याला नवे कपडे, आणि ज्यांनी रंगात बुडवलं तीच माणसं पाया पडतात. आणि एक गोष्ट राहिली. गाढवाचा दोर सासऱ्याच्या हातात असतो. त्या दिवशी सासऱ्याला गावातला सगळ्यात वयस्कर माणूस स्वतः फेटा बांधतो आणि सासरा दोर धरून पुढं चालतो. जावयाची काय शोभा व्हायची ती होवो, सासऱ्याचा तो मान असतो.

माझ्या सासऱ्यांना, मामांना, एकच मुलगी. म्हणजे जावई एकच, तो मी. मामा गावचे माजी सरपंच, भल्या मोठ्या मिशांचे, आवाज असा की फोन लावायची गरज नसावी. दर धुळवडीला ते दुसऱ्यांच्या जावयांच्या फेरीत गर्दीतून चालायचे. दुसऱ्यांच्या हातातला दोर बघायचे. त्यांना आयुष्यात एकदा तो दोर धरायचा होता, आणि मला आयुष्यात कधीही गाढवावर बसायचं नव्हतं. आमच्या दोघांमध्ये जे काही वैर होतं ते एवढंच. बाकी ते मला जीव लावायचे. उन्हाळ्यात माझ्यासाठी वेगळा माठ भरून ठेवायचे.

लग्नाला पंचविशी होत आली होती. एवढ्या वर्षांत मी फाल्गुन महिन्यात त्या गावाची वेस ओलांडली नव्हती. कचेरीचं काम, ताप, घराची रंगरंगोटी, जे हाताला लागेल ते कारण. मामाही कमी नव्हते. एकदा फोन आला, मी फार आजारी आहे, तोंड बघून घ्या. बायको रडायला लागली. मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाक. मागं हलगी वाजत होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी चार माणसं जीप करून आमच्या घरी धाडली. मी शेजाऱ्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून राहिलो आणि बायको त्या चौघांना पोहे खाऊ घालत बसली, दोनदा. तिचं काय होतं, ते मला कधी नीट कळलं नाही. वडिलांना ती दादा म्हणते. म्हणायची, ‘तुमचं आणि दादांचं तुम्ही बघून घ्या. मला दोघंही गाढवावर चालतील.’

ऊसतोडीला गेलेल्यांचे जावई सुटायचे. अर्धं गाव दिवाळीनंतर कारखान्यांवर जातं ते होळी होऊन गेली तरी परतत नाही, आणि सासराच गावात नसेल तर दोर कोण धरणार? कायद्याचं इतकं वाचूनही मी कधीकधी मनातल्या मनात म्हणायचो, मामांनी एखाद्या वर्षी कोयता घ्यावा.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. शिवरात्र होऊन दोन-तीन दिवस झाले होते. गावच्या सरपंचबाईंचा फोन आला. या खऱ्या सरपंच, नवरा मागं बसून कारभार करतो तशातल्या नव्हेत. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोलणं सरळ.

‘दाजी, तुमी कायदे लिहिता म्हनं.’

म्हटलं, लिहीत नाही, मराठी करतो.

‘तेच की. आमाला एक लिहून पायजे. हे गाढवाचं बंद करायचं हाय.’

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

त्यांचं कारण साधं होतं. त्यांच्या नणंदेचा नवरा गाढवावरून उतरला तो तडक बायकोला घेऊन निघून गेला, आणि तेव्हापासून नणंद माहेरी आली नव्हती. ‘लेकी तुटायल्यात गावापासून,’ त्या म्हणाल्या. ‘सनासुदीला जावई येत न्हाईत, मग लेकी बी येत न्हाईत. गमतीपायी कावून हे?’ त्यांना एक ठराव हवा होता, खास ग्रामसभा बोलावून मंजूर करायचा, पक्का, परत कोणी तो विषय काढणार नाही असा.

मी म्हटलं, उद्या देतो. वास्तविक ग्रामसभेच्या ठरावानं प्रथा मोडते का, हा कायद्याचा प्रश्न होता आणि त्यावर मी एरवी तासभर बोललो असतो. त्या दिवशी मी तो स्वतःलाही विचारला नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांचे कायदे उलथेपालथे करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचा कायदा मिळाला होता. मी घरी येऊन दार लावून बसलो. संक्षिप्त नाव, प्रारंभ, व्याख्या. ‘जावई’ या संज्ञेत भावी जावयाचा समावेश होईल. ‘गाढव’ या संज्ञेत खेचर, तट्टू व तत्सम कोणताही प्राणी यांचा समावेश होईल. ‘माळ’ याचा अर्थ, पादत्राणांची माळ, मग ती कोणत्याही पदार्थापासून बनवलेली असो. मग आलं निरसनाचं कलम. ते मी तीनदा लिहिलं, नुसतं लिहिण्याच्या सुखासाठी.

आणि निरसन लिहिलं की हात थांबत नाही. आमच्या धंद्यात निरसन कधी एकटं येत नाही. त्याच्या मागोमाग ‘व्यावृत्ती’ येते. कलमाचं नावच ‘निरसन व व्यावृत्ती’. जुना कायदा गेला तरी त्याच्याखाली जे सुरू झालं होतं ते अधांतरी लटकू नये, म्हणून ते वाचवायचं. घर पाडायचं ठरलं तरी आत जेवायला बसलेल्यांना जेवून उठू द्यायचं, तशातलं. मी हे कलम इतक्यांदा लिहिलं आहे की ते झोपेतसुद्धा माझ्याकडून बिनचूक येतं. त्या दिवशीही आलं. कागद बायकोला दाखवला. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, शेवटच्या परिच्छेदाशी जरा थांबली आणि म्हणाली, ‘छान आहे. बदलू नका काही.’

ग्रामसभा होळीच्या आधीच्या आठवड्यात ठेवली. फाल्गुनात त्या गावात पाऊल टाकायला माझं मन होईना, पण सरपंचबाईंनी शब्द दिला की सभेपुरतं अभय आहे. शिवाय बायकोनं कुठूनसं ऐकलं होतं की यंदाची सुपारी कोणा नव्या मास्तर-जावयाच्या नावानं फुटली आहे. मी गेलो, बायकोला घेऊन. खरं सांगतो, मला तो कागद माझ्या तोंडानं वाचायचा होता.

मारुतीपुढच्या पारावर पुरुष, खाली सतरंज्यांवर बाया. निम्मं गाव कारखान्यावर, तरी गर्दी बरी होती. ग्रामसेवकानं सुरुवात केली आणि कागद माझ्या हातात दिला. मामा पाराच्या टोकाला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. सकाळपासून ते माझ्याशी हवापाण्याचंच बोलले होते. गुडघा धरतो म्हणाले. मला वाटलं, हरलेला माणूस आहे, बोलणार काय.

मी वाचायला लागलो. गाढवाच्या व्याख्येशी एकानं हात वर केला.

‘दाजी, यात खेचर कावून घातलं?’

म्हटलं, उद्या कोणी खेचर आणलं आणि म्हणालं ठरावात गाढवच लिहिलंय, मग?

त्याच्या शेजारच्यानं त्याला ढोसलं. ‘गप बस बे. दाजीनं लई लांबचा इचार केलाय.’

मला फार बरं वाटलं. मी निरसनाच्या कलमाशी आलो, सावकाश वाचलं, आणि ज्याची वाट बघत होतो तो प्रश्न एका म्हातारबुवांनी विचारला.

‘निरसन म्हंजी काय करायचं?’

म्हटलं, बाहेर फेकायचं.

‘कुटं?’

‘गावाबाहेर समजा.’

‘आमचा बाप मन्सूख म्हनायचा,’ म्हातारबुवा म्हणाले. ‘निजामाच्या येळंला हुकूम मन्सूख झाला की तेवढं बोलनं पुरं हुतं. फेकायचं बिकायचं काई नव्हतं.’

मी तिथं थांबायला हवं होतं. पण समोर एवढी माणसं, आणि माझ्या शब्दाबद्दल विचारलेलं. मी म्हटलं, मन्सूख अरबीतून आला, निरसन संस्कृतातून, आणि साहेबाच्या कायद्यात याच कामाला एक जडशीळ शब्द आहे, तो आला लॅटिनमधून, ‘अॅब्रोगेट’. त्याच्या पोटात जो मूळ धातू आहे त्याचा अर्थ फेकणं नाही, त्याचा अर्थ आहे विचारणं. जुन्या रोममध्ये कायदा करायचा तर अधिकारी लोकांपुढं उभा राहून विचारायचा, तुम्हाला हे हवंय का? आणि काढायचा झाला तरी परत लोकांनाच विचारायचं. त्या विचारण्यातूनच तो शब्द झाला.

सभेला रोमचं काही पडलेलं नव्हतं. दोघं-तिघं तंबाखू मळत होते. मामांनी मात्र काठीवरची हनुवटी उचलली.

‘म्हंजी इचारल्याबिगर कायदा हालत नव्हता त्यांचा?’

‘नाही मामा. करतानाही विचारायचं, मोडतानाही.’

‘चांगली रीत हाय,’ ते म्हणाले आणि परत हनुवटी टेकवली.

सरपंचबाईंनी मतं घेतली. बायांचे सगळे हात वर गेले. पारावरचे थोडे रेंगाळत गेले. आणि मामांचाही हात वर गेला. मी तो बघितला आणि मला जिंकल्यासारखं झालं. ग्रामसेवकानं ठराव मंजूर म्हणून लिहिलं. मी चष्मा काढून पुसायला घेतला.

‘जावईबापू,’ मामा म्हणाले, ‘ते शेवटचं परत वाचा बरं. ते निरसनाच्या मागलं.’

मी चष्मा लावून वाचलं. ‘असे निरसन झाले असले तरी, उक्त निरसनापूर्वी निरसित प्रथेअन्वये सुरू झालेली कोणतीही कार्यवाही, जणू काही असे निरसन झालेच नव्हते असे समजून, पूर्ण करण्यात येईल.’

‘आता मराठीत सांगा.’

‘हे मराठीच आहे, मामा.’

बाया हसल्या. मी जरा चिडून म्हटलं, ‘म्हणजे प्रथा बंद झाली, पण बंद व्हायच्या आधी जे सुरू झालं असेल ते पुरं करायचं.’

‘मंग सुपारी फुटली म्हंजी सुरू झालं म्हनायचं का न्हाई?’

सरपंचबाईंनी वळून बघितलं. ‘यंदा फुटली सुपारी?’

‘शिवरातीला. दर साली फुटते तशी.’

‘कुनाच्या नावानं?’

पारावरची जुनी माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघायला लागली. मास्तर-जावई कोण म्हणून मी गर्दीत शोधत होतो. मग मला दिसलं की खाली बसलेली माझी बायको पदर तोंडात घालून हसते आहे, आणि बाकी सगळं गाव माझ्याकडं बघतं आहे.

मला राग आला. खरा, कानशिलं गरम होणारा राग. माझ्याच कागदानं, माझ्याच अक्षरानं, माझ्याच तोंडून मी बांधला गेलो होतो. आणि कागदावर बोट ठेवायलाही जागा नव्हती. डोकं भराभर चालायला लागलं. सुपारी फोडणं ही नुसती पूर्वतयारी, तिला कार्यवाही म्हणता येणार नाही, हा एक मुद्दा. ज्याच्या नावानं फुटली त्याला कळवलंच नाही, म्हणजे नोटीसच बजावली नाही, हा दुसरा. तिसराही होता, तो आता आठवत नाही, पण तो सगळ्यांत भक्कम होता. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मामा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, काठीचा आधार घेत. सभेत बोलायला त्यांना कधी उठावं लागत नसे, बसल्या जागेवरून आवाज वेशीपर्यंत जायचा. त्या दिवशी ते उठून उभे राहिले आणि आवाजही त्यांचा नेहमीचा नव्हता.

‘जावईबापू, कागदाचं राहू द्या,’ ते म्हणाले. ‘हे बंद व्हायला पायजे ते मला बी पटलंय, मी हात वर केलाय. लेकी यायला पायजेत. पर इतकी वर्सं मी तुमाला धरायला मान्सं धाडली. जीप केली. चांगला हिंडता-फिरता असताना मरायला टेकलो म्हनून फोन केला. इचारलं मात्र न्हाई कदी. तुमी आता म्हनलाव ना, मोडताना बी इचारायचं असतं. तर आज इचारतो. या धुळवडीला बसताव का? न्हाई म्हनलाव तर न्हाई. सभेपुढं सांगतो, राग धरनार न्हाई.’

माझे तिन्ही मुद्दे जिभेवर तयार होते. मला असं कधीच कोणी विचारलं नव्हतं, आणि टाकीमागं बसून या प्रश्नाची तयारी करता येत नाही. मामांच्या मिशा थरथरत होत्या. या माणसाला मी नेहमी वरच्या पट्टीतच ऐकलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की तो घाबरला आहे. मी नाही म्हणेन म्हणून घाबरला आहे. मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी कागदाची घडी घालायला लागलो.

‘बसतो,’ मी म्हटलं. ‘पण गाढव गरीब बघा.’

सभेत जो गलका झाला तो ग्रामसेवकानं लिहून घेतला नाही.

धुळवडीला मी बसलो. त्याचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण बायकोच्या फोनमध्ये ते सविस्तर आहे. गाढव उमापूरच्या रस्त्यावरच्या एका वीटभट्टीवरून आणलं होतं आणि खरोखरच गरीब होतं. इतकं की दर थोड्या वेळानं विटा उतरून घेतील या आशेनं आपोआप थांबायचं. डोक्यावरचं सूप पुढं घसरून नाकावर यायचं. माळेतल्या एका चपलेचा अंगठा माझ्या ओळखीचा होता. ती माझीच, मागं कधीतरी दारातून नाहीशी झालेली. म्हणजे मामांनी ती इतकी वर्षं जपून ठेवली होती.

फेटा त्याच म्हातारबुवांनी बांधला, मन्सूखवाल्यांनी. बांधून होईपर्यंत मामा डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी दोर हातात घेतला आणि एकदा मनगटाला गुंडाळला.

मला वाटलं होतं, लोक हसतील, मी शरमेनं मरेन, आणि होईल एकदाचं. लोक हसलेच. रंगही टाकला, शेणही टाकलं, त्यातलं काही गाढवाला लागलं. पण मामा प्रत्येक दारापुढं थांबत होते. गाढव थांबायला तयारच होतं. आणि दारातल्या माणसाला ते सांगत होते, ‘हे आमचे जावई. कायदे लिहितात.’ पुढचं दार, परत तेच. मी त्या गावात जवळजवळ पंचवीस वर्षं जेवत आलो होतो, मला तिथलं कुत्रंसुद्धा ओळखत होतं. तरी मामा नवीच ओळख करून देत होते आणि दारातल्या बाया नव्यानंच ऐकल्यासारख्या ‘व्हय का!’ म्हणत होत्या. मला वाटायचं, ही मिरवणूक जावयाची असते. वरून बघितल्यावर कळलं की मला कोणी बघतच नव्हतं. सगळे मामांकडं बघत होते.

गुडघ्यामुळं ते सावकाश चालत होते. एकदा म्हटलं, मामा, दोर दुसऱ्या कोणाकडं द्या जरा वेळ. ते मागं वळून असे काही बघते झाले की मी सूप नाकावर ओढून गप्प बसलो.

शेवटी मारुतीपाशी आलो. सरपंचबाई ताटात नवे कपडे घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी माझी बायको, रंगानं ओळखू न येणारी. आता रीतीप्रमाणं सासऱ्यानं ‘उतरा’ म्हणायचं, जावयानं पाय जमिनीला टेकवायचे आणि सासऱ्यानं दोर सोडायचा. म्हणजे कार्यवाही पूर्ण. कार्यवाही पूर्ण म्हणजे व्यावृत्तीचं काम संपलं. माझे पाय खाली लागले की मागं फक्त निरसन उरणार होतं, आणि या गावात यापुढं कोणी सासरा दोर धरणार नव्हता. हे त्या पारापुढं उभ्या असलेल्यांत दोनच माणसांना नीट कळलेलं होतं.

मामा ‘उतरा’ म्हणेनात. दोर दोन्ही हातांत धरून मारुतीकडं बघत उभे राहिले. हलगीवाले थांबले. सरपंचबाईंनी ताट या हातातून त्या हातात घेतलं.

मांड्या ठणकत होत्या, डोळ्यांत रंग गेला होता, आणि शेणाचा वास मला माझ्याच अंगाचा वाटायला लागला होता.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘वरच्या आळीला आपण गेलोच नाही.’

‘गेलतो की,’ ते म्हणाले. ‘सुरवातीलाच.’

‘मला नाही आठवत. परत जायला लागेल.’

त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. मग फेटा नीट केला, दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि गाढव वळवलं.